सह्याद्रीची सदाहरित वने आणि गावचा कारभार

सदाहरित वर्षावन म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनचे खोरे उभे राहते. ही सवय भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी लावलेली आहे. तेथील वनांचा विध्वंस, रबराचा चीक गोळा करून जगणाऱ्या तेथील कष्टकऱ्यांनी करवतींपुढे उभे राहून दिलेला लढा, आणि त्यांचा नेता चिको मेंडिस याची डिसेंबर १९८८ मध्ये झालेली हत्या, या गोष्टी आपल्याकडील वृत्तपत्रांतूनही येऊन गेल्या. मात्र भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली आणि तिलारी या नावांनी आपण ज्या स्थळांना ओळखतो, तेथेही त्याच जातकुळीची वने आहेत, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी येत नाही. ज्या गावांच्या शिवारात ती आहेत त्या गावांच्या शाळांतही पुष्कळदा ॲमेझॉनच शिकवला जातो.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. हा सन्मान योग्यच होय. पण या चार स्थळांच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत, देवस्थानांच्या राखीव रायांत आणि खाजगी मालकीच्या डोंगरांवर जे सदाहरित वन विखुरलेले आहे, त्याचा विचार या लेखात विशेषेकरून करावयाचा आहे. कारण त्याचे भवितव्य बव्हंशी गावपातळीवर ठरते.

वनाची घडण

आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा जगातील कोणत्याही वर्षावनास पुरून उरेल असा आहे. अडचण आहे ती पावसाच्या वाटणीची. केरळाच्या दक्षिण भागात दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात आणि कोरडे महिने थोडेच राहतात. आपल्याकडे मात्र जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे सात-आठ महिने आभाळ कोरडे राहते. इतका दीर्घ कोरडा काळ सोसून जांभूळ, अंजनी, पिसा, पारजांभूळ, रातांबा हे वृक्ष बारमाही हिरवे राहतात, याचे रहस्य वनाच्या घडणीतच आहे. दाट छत्राखाली ऊन पोहोचत नाही, वारा शिरत नाही, पालापाचोळ्याचा थर जमिनीतील ओल धरून ठेवतो आणि सकाळचे धुके पानांवरून ठिबकत राहते. म्हणजे वनच आपल्या जगण्यास लागणारी हवा स्वतः निर्माण करते. छत्र फाटले की ही व्यवस्था मोडते.

दुसरी गोष्ट मातीची. भरघोस वन पाहून खालची जमीन सुपीक असली पाहिजे असा समज होतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावर बहुधा जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर असतो. पोषक द्रव्यांचा साठा मातीत थोडा आणि झाडांच्या अंगात व कुजणाऱ्या पाल्यात अधिक असतो. वृक्ष तोडून वाहून नेले की ते सारे धनच गावाबाहेर जाते. उरलेली माती पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत धुपते आणि खालचा जांभा उघडा पडतो. असा सडा एकदा तयार झाला की त्यावर गवतापलीकडे फारसे काही उगवत नाही.

तिसरी गोष्ट बियांची. माळावरच्या बाभळीचे बी वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहिले तरी रुजते. सदाहरित वृक्षांपैकी पुष्कळांचे बी तसे नसते. ते पावसाच्या तोंडाशी पडते, ओलसर सावलीत काही आठवड्यांच्या आत रुजते, नाही तर मरते. रोपालाही पहिली काही वर्षे सावली हवी असते. त्यामुळे उघड्या डोंगरावर खड्डे खणून, जूनमध्ये समारंभपूर्वक रोपे लावून सदाहरित वन परत आणता येत नाही. कोकणात १९८० नंतरच्या काळात आकेशियाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. तिने सरपण दिले, उघड्या जमिनीस आच्छादन दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण दुरून हिरवे दिसते एवढ्यावरून तिला वन म्हणणे म्हणजे शाळेच्या पटावरील नावे मोजून विद्या मोजण्यासारखे आहे. आकेशियाच्या राईत धनेश पक्ष्याला घरटे करता येत नाही. त्याला जुन्या, जाड खोडाच्या वृक्षातील ढोली लागते. तीत मादी स्वतःला बंद करून घेते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. वड-उंबरादी वृक्षांची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर पेरणारा हा पक्षी गेला की रानाचा एक बिनपगारी माळीच गेला असे समजावे.

ऱ्हास कसा होत गेला

वनांचा उपयोग आणि त्यांची राखण यांचा मेळ घालण्याचा विचार या भूमीस नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोणते व कसे घ्यावे याचा विचार आहे. आंबा, फणसासारखी झाडे रयतेने दीर्घकाळ जतन केलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, असा दंडकही आहे. इंग्रजी अमलात जहाजे, रेल्वे आणि मुंबई शहराचे इंधन यांसाठी तोड वाढली. लोणारी कोळशाच्या भट्ट्यांनी कोकणपट्टीतील व घाटमाथ्यावरील कितीतरी डोंगर गिळले. स्वातंत्र्यानंतर विजेसाठी व सिंचनासाठी बांधलेल्या धरणांखाली नदीखोऱ्यांतील उत्तम रान गेले. विकासाची ती किंमत होती, आणि राज्याने तिचा मोबदला विजेच्या रूपाने पाहिला आहे.

अलीकडच्या काळातील ऱ्हासाचे स्वरूप निराळे आहे. तो एकदम डोळ्यांत भरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वनक्षेत्र अत्यल्प आहे आणि बहुतेक झाडी खाजगी मालकीची आहे. सिंधुदुर्गातही मालकी रानाचे प्रमाण मोठे आहे. मुंबईत स्थायिक झालेल्या सामाईक मालकांपैकी कोणी ठेकेदाराला डोंगर उक्ता विकतो, चार-सहा आठवड्यांत झाडी साफ होते आणि त्या जागी काजूची किंवा रबराची एकसुरी लागवड उभी राहते. दोडामार्ग तालुक्यात हे विशेष प्रमाणात घडले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली. शासनाने तिलारी व आंबोली-दोडामार्ग ही संवर्धन राखीव क्षेत्रे पुढे घोषित केली. काजूबागायतीला विरोध करण्याचे कारण नाही, तिने कोकणातील अनेक घरांत पैसा आणला आहे. पण उघडा वरकस डोंगर पडून असताना उभे रान कापून त्यावर काजू लावावा, यात शहाणपण कोणते?

चोरट्या तोडीचे उदाहरण म्हणून नरक्याची हकीगत बोलकी आहे. या लहानशा झाडाला गावकरी दुर्गंधीमुळे नरक्या म्हणत आणि त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. कर्करोगावरील औषधांचे मूळ असलेले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य या झाडात असल्याचे १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे परदेशांतून मागणी आली आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून नरक्याची झाडे मुळासकट उपटून ट्रकांनी जाऊ लागली. तोडणाऱ्या स्थानिक मजुराच्या हाती पडली ती दिवसाची मजुरी. आपल्या शिवारात काय आहे हे गावाला ठाऊक नसले, तर ते प्रथम परक्याला ठाऊक होते, एवढाच याचा अर्थ.

देवराया आणि देवरहाट्या

पुणे, रायगडकडे देवराई आणि दक्षिण कोकणात देवरहाटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायांची नोंद महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक ठिकाणी झालेली आहे. काही राया दोन-चार गुंठ्यांच्या, तर काही कित्येक एकरांच्या. येथील वाळकी काटकीदेखील घरी न्यायची नाही, अगदी अडचण पडली तर देवाचा कौल घ्यायचा, हा रिवाज. या रिवाजास अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात देवराईत जाऊन बसावे. आजूबाजूचा डोंगर तापून भाजत असतो आणि राईतील झऱ्याला करंगळीएवढे का होईना पाणी असते.

पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतील डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या रायांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या कामातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथील देवराईवर १९७२ च्या सुमारास तोडीच्या खुणा झाल्या. गावकऱ्यांनी या अभ्यासकांशी संपर्क साधला. भोवतालचे रान गेल्यामुळे गावचा ओढा आता या एका राईच्या आधाराने वाहतो आहे, ती गेली तर पाणी जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासकांनी ते संबंधितांपुढे मांडले आणि तोड थांबली. या प्रसंगात गावकऱ्यांनी पुढे केलेले कारण देवाच्या कोपाचे नव्हते, पाण्याचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजामागील व्यवहार त्यांना नेमका ठाऊक होता.

दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील राईचे महत्त्व याहूनही निराळे. रानजायफळाच्या कुळातील वृक्ष येथे पाणथळ दलदलीत उभे असून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर आलेली दिसतात. हा वनप्रकार जगाच्या इतिहासात फार प्राचीन मानला जातो आणि महाराष्ट्रात तो अतिदुर्मीळ आहे. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टरांच्या आसपास. देवाच्या नावाने राखली गेली म्हणूनच ही राई आपल्या काळापर्यंत पोहोचली. आता ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेली आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील एक मासा २०२० मध्ये विज्ञानास नव्याने ज्ञात झाला. त्या अधिवासासही २०२१ मध्ये असेच संरक्षण लाभले.

देवरायांवरील आजचे मोठे संकट बाहेरचे नसून आतले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. देवळाचा जीर्णोद्धार काढायचा, कौलारू देऊळ उतरवून सिमेंट-काँक्रीटचे बांधायचे, आणि त्यासाठी राईतील जुने वृक्ष विकून निधी उभारायचा, असे प्रकार ठिकठिकाणी घडले आहेत. पुढे सभामंडप, मग वाहनतळ. राई आक्रसत जाते. देवस्थान समितीच्या बैठकीत पंचायत सदस्य व शिक्षक उपस्थित असतातच. त्यांनी तेथे वृक्षांचा प्रश्न काढला तर तो बाहेरच्या माणसाच्या व्याख्यानापेक्षा अधिक ऐकला जातो.

राब, सरपण, वणवा

मोठ्या तोडीइतकीच लहान लहान नित्याची तोडही रानाला झिजवते. तिच्यातही पहिला क्रम राबाचा लागेल. भाताच्या रोपांसाठी वाफा भाजण्याची ही रीत कोकण व मावळ भागातील सर्वांना परिचित आहे. ऐन, किंजळ आदी झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, शेण व पाल्याबरोबर वाफ्यावर पसरून पावसाआधी पेटवायच्या. शेतकरी हे उगीच करीत नाही. त्यामुळे तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते, रोप जोमदार येते. तथापि दरवर्षी छाटल्यामुळे वरकसातील झाडे खराट्यासारखी होतात, त्यांना फूल-फळ धरत नाही आणि वरकस उजाड झाला की कोयता शेजारच्या रानाकडे वळतो.

यावर केवळ मनाई करून भागणार नाही, पर्याय हवा. तो उपलब्ध आहे. चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची काळी राख वापरतात आणि चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा हिरवा पाला, हेक्टरी तीन टनांच्या आसपास, शेतात गाडतात. गिरिपुष्प बांधावर सहज येते, फांदी खोचली तरी फुटते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात तर गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते. रोपवाटिकाच नाही, म्हणून राबही नाही. कृषी सहायक आणि वनरक्षक या दोघांनी एकाच गावात एकत्र बसून हा विषय मांडल्याचे दृश्य मात्र अद्याप विरळ आहे. एकाला भाताचे उत्पन्न दिसते, दुसऱ्याला ऐनाची फांदी. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच हंगामातली कामे.

सरपणाचा प्रश्न स्वयंपाकघरातील गॅसने बराचसा सुटला, असे आकडे पाहून वाटते. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेमुळे आणि वनालगतच्या गावांसाठीच्या राज्याच्या योजनांमुळे सिलिंडर दुर्गम वाड्यांपर्यंत पोहोचले हे खरे. पण घाटाखालच्या कोणत्याही घराच्या मागील पडवीत मे महिन्यात डोकावून पाहावे. पावसाळ्याची लाकडांची बेगमी आजही आढ्याला टेकलेली आढळते. ती प्रामुख्याने न्हाणीच्या चुलीसाठी असते. भिजून शेतातून आलेल्या माणसांना आंघोळीला ऊन पाणी लागते आणि त्यासाठी गॅस जाळणे परवडत नाही. आषाढ-श्रावणात सौर बंबाचाही उपयोग नाही. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामी येते. सुधारित चुलीत हे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे त्याच पाण्यासाठी निम्मे लाकूड. नारळाची सोडणे, करवंट्या आणि चुडते यांवर चालणारी नीट बांधलेली न्हाणीची चूल हा फार साधा उपाय आहे. तिला अनुदानाची गरज नाही, चांगल्या गवंड्याची आहे. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत तेथे दोन घनमीटरचा गोबरगॅस संच चालतो आणि शेतीला खतही मिळते. मात्र जनावरे कमी होत चालल्यामुळे असे संच बंद पडलेले दिसतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वणवा हा या साऱ्यांत अधिक घातक. फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगर पेटतात. नवे गवत चांगले यावे म्हणून माळाला लावलेली आग, बांध साफ करताना सुटलेली ठिणगी, मध काढताना टाकलेला पलिता, अशी त्याची कारणे असतात. आपोआप लागलेला वणवा आपल्याकडे अपवादात्मकच. सदाहरित वनाच्या मध्यभागी आग सहसा शिरत नाही, ती कडा खात येते. दरवर्षी काही हात आत. कडेची रोपे मरतात, त्या जागी गवत येते आणि पुढील वर्षीच्या आगीला तेच गवत जळण पुरवते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर पाठवते. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक यांनाही ही नोंदणी करता येते. पण सूचना आली तेव्हा विझवायला माणसे हवीत आणि त्याहीपूर्वी जाळरेषा काढलेली हवी. ही रेषा जानेवारीत काढावी लागते. मार्चमध्ये काढायला गेलेल्या जाळरेषेचाच वणवा होतो.

ग्रामसभेचे अधिकार

कायद्यांची उणीव नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ पासून आहे आणि खाजगी जमिनीतील अनुसूचित वृक्षांनाही तो लागू आहे. वनजमीन अन्य कामी वळविण्यावर १९८० च्या केंद्रीय अधिनियमाने निर्बंध आणले. पुढे संयुक्त वनव्यवस्थापन आले. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने तर ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कच दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये तो मिळवून सर्व देशापुढे उदाहरण घातले. घाटमाथ्याच्या गावांनी या तरतुदीचा तितका उपयोग अजून करून घेतलेला नाही.

जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही तयार आहे. ती कोणी लिहिली, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या गावची नोंदवही समोर ठेवून नावे उतरून काढली असतील, तर नरक्याची पुनरावृत्ती टळणार नाही. गावातील वृद्ध, गुराखी, वैदू आणि रानभाज्या ओळखणाऱ्या स्त्रिया यांना बरोबर घेऊन सातवी-आठवीच्या मुलांनी एक वर्षभर नोंदी केल्या, तर गावाचे दप्तर आणि शाळेचा भूगोल दोन्ही एकदम तयार होतील. सुरंगीचा बहर कधी आला, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटला, धनेशाची ढोली कोणत्या झाडात आहे, गुरांच्या औषधासाठी लागणारी गारंबीची वेल कोणत्या राईत उरली आहे, अशा त्या नोंदी असाव्यात. वारसा स्थळाची घोषणा शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून करते. त्या वेळी अशी वही प्रस्तावाबरोबर जोडता येते.

पश्चिम घाटात लोकांनी रान राखण्यासाठी पुढे यावे याला इतिहास आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सालकणी गावच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली. ‘अप्पिको’ म्हणून ते आंदोलन गाजले. पुढे १९८७-८८ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांकडून निघालेले पदयात्री सह्याद्री तुडवीत गोव्यात एकत्र आले. त्या पदयात्रेनंतर समित्या नेमल्या गेल्या, अहवाल झाले, संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांचे मसुदे निघाले आणि त्यांवर हरकतीही आल्या. त्या वादाचा निकाल दिल्ली-मुंबईत लागेल तेव्हा लागेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जाळरेषेचा ठराव करायला त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

रोपवाटिकेविषयी एक सूचना. देवराईतील जांभूळ, रातांबा, बकुळ, सुरंगी यांचे बी मे-जूनमध्ये हाती येते. ते डब्यात भरून पुढील वर्षासाठी ठेवू नये. शक्य तितक्या लवकर, झाडाखालचीच थोडी माती पिशवीत घालून पेरावे, पिशव्या सावलीत ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात पाणी देऊन दोन पावसाळे रोपे तेथेच वाढवावीत. लावताना उघडा माळ निवडू नये. राईच्या कडेला, जेथे चांदाडा, उंबर अशी लवकर वाढणारी झाडे आधीच आलेली आहेत, तेथे त्यांच्या सावलीत लावावीत. पंचवीस रोपे पुरेत, आणि त्यांच्याभोवती गुरांसाठी गडगा घालावा.